खेळाडूच्या मनातलं, कॅमेऱ्यासमोर

दोन महिन्यांपूर्वी कॉलेजातल्या एका मित्राचा मेसेज आला. तो माहितीपट बनवतो, म्हणजे दिवसभर लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो आणि उरलेल्या वेळात माहितीपट. खेळ अर्ध्यात सोडलेल्या मुलामुलींवर त्याला अर्ध्या तासाची फिल्म करायची आहे. ‘तू रायफल का सोडलीस ते कॅमेऱ्यासमोर सांगशील?’ मी उत्तर पाठवलं, ‘बघते.’ आपल्याकडे ‘बघते’चा अर्थ काय होतो ते तुम्हाला माहीत आहेच.

पण नाही म्हणवेना आणि हो म्हणायची हिंमत होईना. मग मी एक उद्योग केला. खेळाडूंच्या मनाबद्दलचे जेवढे माहितीपट गेल्या काही वर्षांत फोनवर पाहिले होते ते पुन्हा पाहिले, आणि खेळाडूंच्या मनावर काम करणाऱ्या माणसांनी लिहिलेली दोन-तीन पुस्तकं पुन्हा काढली. मला एवढंच शोधायचं होतं की, मनातली गोष्ट कॅमेऱ्यासमोर किंवा छापील पानावर आली की ती कोणाची होते?

क्रीडा-मानसतज्ज्ञ हा तसा विचित्र धंदा आहे. हाडाचा डॉक्टर एक्स-रे दाखवू शकतो. कोच पदकं मोजून दाखवतो. मानसतज्ज्ञाचं काम जमलं तर श्रेय खेळाडूचं, आणि तेच बरोबर आहे. काम फसलं तर त्याबद्दल बोलायची सोय नाही, कारण जे ऐकलं ते खोलीतच ठेवायचं ही त्या कामाची पहिली अट. अशा माणसाने पुस्तक लिहायचं किंवा फिल्म काढायची म्हटली, तर त्याच्याकडे कच्चा माल काय असतो? दुसऱ्यांनी विश्वासाने सांगितलेल्या गोष्टी. त्या वापरल्या तर विश्वास जातो, न वापरल्या तर पुस्तकात माणसंच उरत नाहीत. या पेचातून प्रत्येकाने आपापली वाट काढली आहे, आणि त्या वाटा तपासण्यासारख्या आहेत.

आधी पडद्याकडे जाऊ, कारण आपल्यापैकी बहुतेकांची या विषयाशी ओळख तिथेच झाली. २०२० मध्ये टोकियो ऑलिंपिक एक वर्ष पुढे ढकललं गेलं. त्या रिकाम्या जुलैत एचबीओवर ‘द वेट ऑफ गोल्ड’ आला. दिग्दर्शक ब्रेट रॅपकिन, निवेदन मायकेल फेल्प्सचं, लांबी साधारण एक तास. २८ ऑलिंपिक पदकं, त्यातली २३ सुवर्ण, अशा माणसाने सांगायचं की प्रत्येक ऑलिंपिकनंतर आपण खोल गर्तेत जात होतो आणि एका टप्प्यावर जगायचीही इच्छा उरली नव्हती. त्याच्या जोडीला बाकीचे. बीजिंगमध्ये २००८ साली १०० मीटर हर्डल्समध्ये आघाडीवर असताना दहापैकी नवव्या अडथळ्याला पाय लागून सातवी आलेली लोलो जोन्स. २००६ मध्ये तुरीनला पडूनही रौप्यपदक मिळवणारी आणि तरी ‘पडलेली’ म्हणूनच लक्षात राहिलेली साशा कोहेन. शॉन व्हाइट, अपोलो ओनो, बोडी मिलर.

पहिल्यांदा मी हा चित्रपट रात्री दीड वाजता पांघरुणात पाहिला होता आणि रडले होते. या वेळी दिवसा पाहिला, वही घेऊन. रडू आलं नाही असं नाही, पण काही गोष्टी खटकल्याही. एका तासात इतकी माणसं बसवायची म्हटल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला काही मिनिटं येतात. एकाचं वाक्य संपायच्या आत दुसऱ्याचं सुरू होतं, खालून पियानो. या जोडकामातून एक सामाईक ‘खेळाडूचं दुःख’ तयार होतं आणि लोलोचं दुःख साशाच्या दुःखापासून वेगळं काढता येत नाही. प्रत्यक्षात ती किती वेगळी आहेत! एकीचं सुवर्ण एका अडथळ्याने गेलं आणि दुसरीला पदक मिळूनही हरल्यासारखं वागवलं गेलं. मानसतज्ज्ञाच्या खोलीत पहिलं काम असतं ते हे वेगळेपण शोधण्याचं. चित्रपट नेमकं तेच पुसतो.

दुसरी गोष्ट फेल्प्सची. तो निवेदक आहे, निर्मात्यांपैकी एक आहे, आणि २०१८ पासून एका ऑनलाइन थेरपी कंपनीच्या जाहिरातींतही आहे. त्याच्या प्रामाणिकपणावर मला शंका नाही. पण दुःखाचा साक्षीदार, दुःखाचा निर्माता आणि उपचाराचा चेहरा हे तिन्ही एकाच माणसाचे असले की प्रेक्षकाने थोडं सावध बसावं.

तरीही या चित्रपटात एक जागा आहे जी विसरता येत नाही. स्टीव्हन होल्कम्ब हा बॉबस्लेचा चालक. २०१० मध्ये व्हँकूव्हरला त्याच्या चौघांच्या संघाने अमेरिकेला त्या प्रकारातलं ६२ वर्षांनंतरचं पहिलं सुवर्ण मिळवून दिलं होतं. तो कॅमेऱ्यासमोर बसून शांतपणे बोलतो. चित्रपट लोकांपर्यंत पोचला तेव्हा त्याला जाऊन तीन वर्षं झाली होती. त्याचं बोलणं ऐकताना तुम्हाला हे माहीत असतं आणि तुम्ही त्याच्या चेहऱ्यावर खुणा शोधायला लागता. खुणा सापडत नाहीत. तो एक साधा, जरासा थकलेला, बरा दिसणारा माणूस आहे. त्या वर्षीचा फ्रीस्टाइल स्कीइंगचा रौप्यविजेता जेरेट पीटरसन, ज्याला सगळे ‘स्पीडी’ म्हणत, त्याने २०११ मध्ये आयुष्य संपवलं. इथे त्याची आई बोलते. या दोन जागी पियानो असूनही ऐकू येत नाही. बाहेरून काही दिसत नाही, ही गोष्ट या चित्रपटाने तज्ज्ञांच्या भाषणाशिवाय दाखवली, आणि त्यासाठी त्याचे बाकीचे दोष मी पोटात घालायला तयार आहे.

त्याच्या एक वर्ष आधीचा बार्नी डग्लसचा ‘दी एज’ क्रिकेटवाल्यांना जास्त जवळचा वाटेल. अँडी फ्लॉवर प्रशिक्षक असतानाचा २००९ ते २०१३ चा इंग्लंडचा कसोटी संघ. तळातून निघून पहिल्या क्रमांकावर पोचलेला आणि मग आतून उसवलेला. २०११ च्या उन्हाळ्यात हा संघ पहिल्या क्रमांकावर आला तो आपल्याला ४-० हरवून. तेव्हा आपण टीव्हीसमोर बसून शिव्या घालत होतो आणि आपल्याकडून एकटा राहुल द्रविड तीन शतकं काढून उभा होता. चित्रपट बघताना कळतं की जिंकणारे आपल्याला वाटत होते तितके सुखात नव्हते. जोनाथन ट्रॉट चेंडू पडण्याआधी क्रीझवर बुटाने पुन्हा पुन्हा गार्डची रेघ ओढत बसायचा. आपल्याला तो वेळकाढूपणा वाटायचा, समालोचक हसायचे. २०१३ च्या ॲशेस दौऱ्यात ब्रिस्बेनच्या पहिल्या कसोटीनंतर तो मायदेशी परतला. ती रेघ आता पाहिली की माणूस बुडताना काठावर नखं रोवतोय असं वाटतं.

डग्लस इथे एक चांगली गोष्ट करतो, फ्लॉवरला खलनायक करत नाही. ज्या शिस्तीने संघ उभा राहिला तीच शिस्त माणसं झिजवत होती, आणि हे झिजणं चालू असताना कोणालाच ते थांबवायचं नव्हतं, झिजणाऱ्यालाही नाही. ‘मानसिक कणखरपणा’ या शब्दाची इतकी स्वच्छ चिरफाड मी दुसऱ्या क्रिकेटपटात पाहिलेली नाही.

आता याच शब्दावरून पुस्तकाकडे. पॅडी अप्टन हे नाव तुम्ही ऐकलं असेल. दक्षिण आफ्रिकेचा माणूस, गॅरी कर्स्टनबरोबर २००८ मध्ये भारतीय संघाकडे ‘मेंटल कंडिशनिंग कोच’ म्हणून आला आणि २०११ च्या विश्वचषकापर्यंत राहिला. पुढे राजस्थान रॉयल्स, सिडनी थंडर, आणि अलीकडे २०२४ मध्ये जगज्जेतेपदाच्या लढतीआधी गुकेशबरोबर. त्याचं ‘द बेअरफूट कोच’ २०१९ च्या मे महिन्यात आलं. पुस्तक प्रवाही आहे आणि त्याचा सर्वांत चांगला गुण म्हणजे अप्टन स्वतःला सोडत नाही. २००९ च्या चॅम्पियन्स ट्रॉफीच्या वेळी खेळाडूंसाठी तयार केलेल्या टिपणातला शरीरसंबंधांबद्दलचा भाग फुटला आणि वर्तमानपत्रांना आठवडाभर पुरेल एवढा मसाला मिळाला होता. ते टिपण आपलं होतं आणि ती आपली मोठी चूक होती, हे तो सरळ कबूल करतो. सल्ला देणारी माणसं सहसा आपल्या फसलेल्या सल्ल्यांची आठवण ठेवत नाहीत, म्हणून ही कबुली मोलाची.

पण मग गौतम गंभीरचा मजकूर येतो. अप्टनचा मुद्दा थोडक्यात असा की, मानसिक कणखरपणाची रूढ व्याख्या लावली तर गंभीर हा त्याने पाहिलेल्या सर्वांत कमकुवत आणि असुरक्षित लोकांपैकी एक होता. दीडशे केल्या तरी दोनशे झाल्या नाहीत म्हणून खंतावणारा. आणि तरीही तो त्या काळातला जगातल्या सर्वोत्तम कसोटी फलंदाजांपैकी एक होता. म्हणजे ही व्याख्याच चुकीची आहे, कणखर नसलेला माणूसही थोर खेळू शकतो.

हा मुद्दा मला शंभर टक्के पटतो. किंबहुना मराठी घराघरांत ‘मन खंबीर कर’ म्हणून पोरांना जे पिळलं जातं त्यावर हा उतारा आहे. गंभीरचीच उदाहरणं घ्या. मार्च २००९, नेपियर. फॉलोऑन मिळालेला, सामना हातातून गेलेला, आणि हा ‘असुरक्षित’ माणूस ४३६ चेंडू खेळून १३७ धावा करतो आणि कसोटी वाचवतो. २ एप्रिल २०११, वानखेडे. सेहवाग आणि सचिन लवकर गेलेले, आणि हा ९७ काढतो. ज्या मनाने हे केलं त्याला कमकुवत म्हणणारी व्याख्या कचऱ्यातच जायला हवी.

पण असा मुद्दा मांडायला नाव लागतं का? इथे माझं अप्टनशी भांडण आहे. पुस्तकातल्या परिच्छेदाला मागेपुढे संदर्भ असतो, बातमीला नसतो. मे २०१९ मध्ये गंभीर पूर्व दिल्लीतून लोकसभेची निवडणूक लढवत होता. ‘गंभीर मानसिकदृष्ट्या कमकुवत होता, म्हणे त्याचाच कोच’ एवढाच अर्धा भाग आपल्या फोनवर पोचला. गंभीरने उत्तर दिलं ते संयमाने दिलं. मला स्वतःला आणि भारतीय संघाला जगात सर्वोत्तम करायचं होतं, म्हणून शंभर आणि दोनशेवरही मी समाधानी नव्हतो, अशा अर्थाचं. राजकारणी गंभीरबद्दल तुमचं मत काहीही असो (माझंही आहे), त्या दिवशी खोलीत सांगितलेल्या गोष्टीचा खुलासा त्याला चौकात करावा लागला. परवानगीचा प्रश्न बाजूला ठेवू. परिच्छेद छापायला दिलेली परवानगी ही मथळ्याला दिलेली परवानगी नसते, आणि मथळा कसा येणार हे २००९ मध्ये हात पोळलेल्या माणसाला सर्वांत आधी कळायला हवं होतं.

एवढं मी तावातावाने का लिहितेय ते सांगते.

मी अकरावीत असताना १० मीटर एअर रायफल खेळत होते. तेव्हा मुलींना चाळीस शॉट असायचे. ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांना सांगायचं तर, जाड कॅनव्हासचं जॅकेट आणि तसलीच पँट घालून तुम्ही पुतळ्यासारखे उभे राहता आणि तुमचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे तुमच्याच हृदयाचे ठोके. सरावात मी चांगली होते. स्पर्धेत रायफल खांद्याला लावली की ट्रिगर ओढवायचा नाही. दहा सेकंद, पंधरा सेकंद, हात थरथरायला लागला की खाली, पुन्हा वर. एका शिबिरात एक माइंड कोच आले होते. प्रत्येकाशी एकेकट्याने बोलायचे, ‘इथलं इथेच राहील’ असं सांगून. मी त्यांना सांगितलं की मॅचच्या आदल्या रात्री मी ताप यावा म्हणून प्रार्थना करते. आईलाही हे सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी रेंजवर आमचे सर सगळ्यांसमोर म्हणाले, ‘काय, आज कोणाकोणाला ताप हवाय?’ सगळे हसले. मीही हसले.

त्या गृहस्थांनी वाईट हेतूने सांगितलं असेल असं मला आजही वाटत नाही. सरांना मदत व्हावी म्हणूनच सांगितलं असेल. पुढचं वर्षभर मी खेळले, पण कोणालाही काही सांगितलं नाही. बारावीचं कारण सोयीचं होतं, ते वापरून सोडून दिलं.

त्याच दिवसांत आईने मला भीष्मराज बामांचं ‘मार्ग यशाचा’ आणून दिलं होतं. बाम नाशिकचे. पोलीस सेवेत मोठ्या हुद्द्यावर काम केलेले, स्वतः नेमबाज, योगाचा दांडगा अभ्यास. अंजली भागवत, जी २००० मध्ये सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचली होती, ती त्यांच्याकडे शिकलेली. द्रविडनेही त्यांचं ऋण जाहीरपणे मानलेलं आहे. २०१७ मध्ये ते गेले. मराठीत क्रीडा-मानसशास्त्र म्हणून जे काही सामान्य घरांत पोचलं, ते मुख्यतः या एका माणसाच्या लेखनातून आणि व्याख्यानांतून. इंग्रजीत त्यांचं ‘विनिंग हॅबिट्स’ही आहे.

बामांची वाट अप्टनच्या बरोबर उलटी. त्यांच्या लेखनात खेळाडूंची नावं येतात, पण त्यांच्या जखमा येत नाहीत. येतं ते तंत्र. श्वास कसा घ्यायचा, ओंकार कसा म्हणायचा, शॉट मारण्याआधी तो मनात कसा पाहायचा, मागच्या चुकीतून आणि पुढच्या निकालातून लक्ष काढून आत्ताच्या क्षणावर कसं आणायचं. भाषा घरातल्या वडीलधाऱ्या माणसाची, जरा पोलिसी शिस्तीची, मध्येच पतंजली. वाचताना कंटाळा येतो का? कधी कधी येतो. एकाही माणसाची गोष्ट शेवटपर्यंत कळत नाही. लेखक म्हणून बाम अप्टनच्या जवळपासही येत नाहीत, हे मान्य करायला हवं. पण पूर्वी जो कंटाळवाणेपणा वाटायचा तो या वाचनात मला वेगळा दिसला. या माणसाकडे भारतीय खेळातल्या किती जणांची रडगाणी, भीती, मत्सर साठलेला असेल! त्यातलं काहीही बाहेर आलं नाही. पुस्तक कोरडं आहे कारण लेखकाने तोंड बंद ठेवलं.

बामांवर माझा आक्षेप दुसरा आहे आणि तो लहान नाही. त्यांच्या जगात मन हे साधनेने जिंकायचं असतं. नीट सराव केला तर एकाग्रता येणार, एकाग्रता आली तर भीती जाणार. जिचं मन आजारी आहे, जिला श्वासाच्या व्यायामाची नाही तर डॉक्टरची गरज आहे, तिला मी वाचलेल्या पानांत जागा मिळत नाही. सोळा वर्षांच्या मला ते पुस्तक वाचून एकच कळलं होतं, की सगळ्यांना जमतं आणि मला जमत नाही, म्हणजे माझी साधना कमी पडतेय. ‘द वेट ऑफ गोल्ड’ तेव्हा पाहिला असता तर निदान फेल्प्सलाही जमत नव्हतं हे तरी कळलं असतं. म्हणून मी माहितीपटांना सरसकट नावं ठेवू शकत नाही. उघड बोलण्यातून धीर मिळतो, हे खरंच आहे.

आपल्याकडे या धीराचं सर्वांत चांगलं उदाहरण पुस्तकातच आहे, अभिनव बिंद्राचं ‘अ शॉट ॲट हिस्टरी’, २०११ मध्ये रोहित ब्रिजनाथबरोबर लिहिलेलं. बीजिंगच्या आधी भीतीवर मात करायला हा माणूस जर्मनीत चाळीस फुटी खांबावर चढला होता. आणि सुवर्ण मिळाल्यावर त्याला काय वाटलं? रिकामं. देश नाचत होता आणि त्याला उद्या उठून काय करायचं ते कळत नव्हतं. हे तो स्वतः सांगतो, स्वतःच्या नावाने, स्वतः ठरवलेल्या वेळी. दुसऱ्या कोणाच्या टिपणवहीतून ते बाहेर आलेलं नाही. या पुस्तकाशेजारी ठेवता येईल असा भारतीय माहितीपट मी अजून पाहिलेला नाही. आपल्याकडे संघांचे आणि विजयांचे पुष्कळ झाले, त्यात ड्रेसिंग रूमची दारं उघडतात खरी, पण आत आधीच आवरून ठेवलेलं असतं.

नेटफ्लिक्सवरचे २०२१ नंतरचे माहितीपट मी भराभर पाहिले आणि भराभरच सांगते. मार्डी फिशवरचा ‘ब्रेकिंग पॉइंट’ सरळ आणि चांगला आहे. २०१२ च्या यूएस ओपनमध्ये फेडररविरुद्धच्या सामन्याआधी त्याने माघार का घेतली हे तो खालच्या आवाजात सांगतो. ‘सिमोन बाइल्स रायझिंग’मध्ये टोकियोत हवेत असताना शरीराचा पत्ताच हरवणं म्हणजे काय ते समजतं. नाओमी ओसाकाने २०२१ मध्ये फ्रेंच ओपनला पत्रकार परिषदा नाकारल्या, दंड भरला, स्पर्धाही सोडली, आणि त्याच उन्हाळ्यात तिच्यावरची मालिका आली. यावरून तिची चेष्टा करणारे मीम तुम्हीही पाहिले असतील. मला त्यात विसंगती वाटत नाही. पन्नास अनोळखी लोकांच्या प्रश्नांना बांधील असणं वेगळं आणि आपण निवडलेल्या एका दिग्दर्शिकेसमोर बसणं वेगळं.

शेवटी जो माहितीपट मला या सगळ्यांत वरचा वाटला तो मनाबद्दलचा म्हणून ओळखलाच जात नाही. ‘फ्री सोलो’, २०१८, दिग्दर्शन एलिझाबेथ चाय व्हासर्हेलीई आणि जिमी चिन. ॲलेक्स हॉनल्ड योसेमिटीतल्या एल कॅपिटनवर, जवळपास ९०० मीटर उभ्या कड्यावर, दोराशिवाय चढतो. त्यात त्याच्या मेंदूचा स्कॅन काढण्याचा प्रसंग आहे. भीतीशी जोडलेला अमिग्डाला नावाचा भाग त्याच्यात नेहमीच्या चित्रांनी फारसा जागा होत नाही असं पडद्यावर दिसतं. बहुतेकांना तोच प्रसंग आठवतो, आणि मला तोच सर्वांत कमकुवत वाटतो. रंगीत ठिपक्यांत मन सापडलं असं वाटून प्रेक्षक सुटतो.

खरा चित्रपट दुसरीकडे आहे. चिन आणि त्याची मंडळी स्वतः गिर्यारोहक, हॉनल्डचे मित्र. ते चित्रपटातच एकमेकांना विचारतात, आपण तिथे आहोत म्हणून तो चढला आणि पडला तर? आपल्या कॅमेऱ्यामुळे त्याचं लक्ष ढळलं तर? २०१६ मध्ये हॉनल्ड चढायला सुरुवात करून परत फिरतो, आणि सगळ्यांच्या डोक्यात हाच प्रश्न असतो. नंतर सर्वांत अवघड टप्प्यावर माणूस न ठेवता दुरून चालणारे कॅमेरे लावले जातात, त्याला कोणी दिसू नये म्हणून. ३ जून २०१७ ला तो चढतो, ३ तास ५६ मिनिटांत. खाली जमिनीवर मिकी शेफर नावाचा कॅमेरामन आहे. मोठी लेन्स कड्यावर रोखलेली. आणि तो तोंड फिरवतो. कॅमेरा चालू, पण त्याच्याने बघवत नाही.

मानसतज्ज्ञांच्या पुस्तकांत आणि खेळाडूंच्या दुःखावरच्या माहितीपटांत मी जे शोधत होते ते मला या तोंड फिरवण्यात सापडलं. ‘द वेट ऑफ गोल्ड’ सुवर्णपदकाचं वजन मोजतो, स्वतःच्या कॅमेऱ्याचं मोजत नाही. अप्टन चुका कबूल करतो, पण पुस्तक हीच त्यातली एक होऊ शकते हे त्याला लिहिताना दिसत नाही. बामांनी वजन नकोच म्हणून कॅमेरा घरीच ठेवला, आणि माझ्यासारखीला जे ऐकायला हवं होतं तेही त्याबरोबर घरीच राहिलं. चिनच्या चित्रपटात कॅमेरा आहे, त्याचं ओझंही आहे, आणि दोन्ही एकाच चौकटीत दिसतात.

मित्राला मी शेवटी परवा फोन केला. म्हटलं, तापाची गोष्ट सांगीन, पण शिबिराचं आणि त्या कोचचं नाव येणार नाही, रेंज ओळखू येईल असा एकही शॉट नको, आणि कट तयार झाला की तुझ्याआधी मी बघणार. आणखी एक, मी बोलत असताना तू मॉनिटरकडे बघत बसायचं नाहीस. तो म्हणाला, ‘मग फोकस कोण बघणार?’ मी म्हटलं, ते तू बघ. दिवाळीनंतरचा एक रविवार ठरला आहे. जॅकेट माळ्यावर आहे, ते मात्र काढणार नाही असं त्याला आधीच सांगून ठेवलंय.